आठ फुटांच्या घरात चोवीस इंचांचा पडदा

"निसर्गात जायचं आणि टीव्ही बघायचा? मग घरीच बस की लेका!"

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलंय. ऑफिसात चहाच्या मशीनपाशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आणि सगळ्यात जास्त वेळा ज्याच्याबरोबर मी हा उद्योग अर्ध्या-अर्ध्या खर्चात केला त्या मित्राकडून. तेव्हा म्हटलं, या शनिवारी एकदा काय ते सविस्तर लिहूनच टाकावं. म्हणजे एकविसाव्याला थेट वाचायला देता येईल.

तर उद्योग असा. आम्ही दोघांनी मिळून एक छोटा कॅम्पर ट्रेलर बनवून घेतला. भिवंडीजवळ ट्रकच्या बॉड्या बांधणारे पुष्कळ कारागीर आहेत, त्यांतल्या एकाकडून. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. गाडीच्या मागे जोडायचा आणि निघायचं. आत उभं राहता येत नाही, पण बसून मांडी घालता येते. मराठी माणसाला आणखी काय हवं? ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती करताना समोरच्या माणसाला 'यात माल नाही, आम्ही झोपणार आहोत' हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण धोरण मुंबईत ठरतं आणि ट्रेलर खिडकीसमोर उभा असतो. असो.

हा ट्रेलर एरवी गणेशपुरीला असतो, मित्राच्या मामांच्या शेतावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गणेशपुरी म्हणजे भिवंडी तालुक्यातलं तानसा नदीकाठचं गाव. भिवंडीहून वाडा रोडनं गोदामांची रांग मागे टाकत अंबाडी नाक्याला आलात की तिथून आत वळायचं. नित्यानंद स्वामींची समाधी आणि गरम पाण्याची कुंडं यांच्यासाठी लोक येतात. जवळच वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर नवस फेडण्यासाठी तिथलं मंदिर बांधलं, आणि ते दिसतंही किल्ल्यासारखंच. शनिवारी-रविवारी वर्दळ असते, पण शेतावर रात्री आठनंतर रातकिडे आणि लांबून येणारा एखाद्या ट्रकचा हॉर्न, एवढंच.

आता मित्राचं म्हणणं असं की एवढी शांतता मिळत असताना तिथे पडदा लावणं म्हणजे देवळात जाऊन मोबाइलवर बोलण्यासारखं आहे. आठवडाभर आपण काय करतो? पडद्याकडे बघतो. सकाळी स्टँड-अपच्या मीटिंगचा पडदा, दिवसभर कोडचा, रात्री ओटीटीचा. मग शुक्रवारी सुटून परत पडदाच? मुद्दा बिनतोड आहे. मी एकटा असतो तर मुकाट्यानं हो म्हटलं असतं.

पण मला तिथे बाबांना न्यायचं होतं.

आई जाऊन दीड वर्ष झालं. बाबा कल्याणच्या घरी एकटे असतात, मी पुण्यात. बाबा भिवंडीच्या एका कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. आई होती तोवर आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. बाबांना काय हवंय ते आई मला सांगायची, मला काय वाटतंय ते आई बाबांना सांगायची. मधला सर्व्हरच गेल्यावर दोन्ही टोकाच्या मशिन्सना कळेना की एकमेकांशी थेट कसं बोलायचं. रोज रात्री नऊला फोन. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "हो." "बरं." सरासरी कालावधी चाळीस सेकंद.

आणि दिवसभर त्यांच्याकडे टीव्ही चालू. बातम्यांच्या चॅनलवरची भांडणं, मोठ्या आवाजात. बघतात असंही नाही, नुसता चालू असतो. दिवाळीत मी म्हटलं, "बाबा, गणेशपुरीला येता का दोन दिवस?" तर म्हणाले, "तिथे काय करायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निसर्ग बघायचा, असं ज्याचं बालपण खटाव तालुक्यातल्या वाडीत गेलं त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार? आणि समोरासमोर खुर्च्या टाकून 'बाबा, आता आपण मन मोकळं करू' असं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. तुमच्याही नसावी.

म्हणून मी म्हटलं, "ट्रेलरमध्ये टीव्ही बसवायचाय. वायरिंग कसं करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन. सकाळी! "बॅटरी किती व्होल्टची आहे?"

इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी चार परिच्छेद सोडून पुढे जावं, पण ज्यांना असं काही करायचंय त्यांच्या उपयोगाचं आहे.

आमच्या ट्रेलरमध्ये लिथियम फॉस्फेटची बॅटरी आहे, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. गुणाकार केला की १२८० वॉट-अवर. ती पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून हिशेबाला हजार धरू. १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही साधारण ३० वॉट घेतो. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे ७५ वॉट-अवर. २० वॉटचा छोटा पंखा रात्रभर आठ तास चालला तर १६०. दिवे, मोबाइल चार्जिंग धरून ७०. एका रात्रीचा सगळा खर्च तीनशेच्या आसपास. म्हणजे चार्ज न करता तीन रात्री निघतात, आणि टीव्ही पंख्याच्या निम्मंसुद्धा खात नाही! 'वीज पुरणार नाही' हा मित्राचा आक्षेप इथेच निकालात निघाला.

घरातला नेहमीचा २३० व्होल्टचा टीव्हीही लावता येतो, पण मग मध्ये इन्व्हर्टर आला. आधी १२ चे २३० करायचे, मग टीव्हीच्या आत परत त्याचे थोडे व्होल्ट करायचे. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॉट पितो. त्यापेक्षा थेट १२ चा टीव्ही बरा. फक्त एक गोम आहे: १२ व्होल्टची बॅटरी कधीच नेमकी १२ व्होल्टची नसते. चार्जिंग चालू असताना ती १४.४ च्या वर जाते आणि उतरत आली की बाराच्या खाली येते. म्हणून बॅटरी आणि टीव्ही यांच्यामध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा एक छोटा रेग्युलेटर हवाच.

हे सगळं मी इंटरनेटवरून जमवून बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वायर कुठली घालतोयस?"

घरात २३० व्होल्टला ३० वॉटचं काहीही लावा, वायरमधून पाव अँपिअरसुद्धा जात नाही. बारा व्होल्टला तेच अडीच अँपिअर होतात. बॅटरी पुढे, टीव्ही मागे, मध्ये पाच मीटर. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. एक स्क्वेअर एमएमची वायर असेल तर वाटेतच ०.४ व्होल्टच्या वर गळून जातात. अडीचची टाकली तर ०.२ च्या आत. घरात असल्या गळतीची कोणी पर्वा करत नाही, पण बारातून पाऊण-एक व्होल्ट असाच इकडेतिकडे गेला की पडदा लुकलुकायला लागतो. "अडीचची टाक. आणि फ्यूज बॅटरीपाशी लाव, टीव्हीपाशी नाही. फ्यूज टीव्हीसाठी नसतो, वायरसाठी असतो." हे शेवटचं वाक्य मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ऐकलं असेन कदाचित, पण कळलं ते त्या दिवशी. आणि तो फोन सव्वीस मिनिटं चालला. मी मुद्दाम बघितलं.

पुढच्या शनिवारी बाबा स्वतःचा पक्कड-टेस्टरचा डबा घेऊन गणेशपुरीला हजर. 'तिथे काय करायचं' हा प्रश्न मिटला होता. ट्रेलरच्या भिंतीचा पत्रा पातळ, त्यावर टीव्हीचा स्टँड ठोकला तर पहिल्या खड्ड्यात भिंतीसकट खाली येईल. म्हणून आतून बारा एमएमचा प्लायवूडचा तुकडा लावला, आरपार बोल्ट आणि बाहेरून मोठे वॉशर. प्रवासात टीव्ही स्टँडवर ठेवायचाच नाही, काढून गादीवर गोधडीत गुंडाळून ठेवायचा. (चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, त्यामुळे गादी रिकामीच असते.) मी भोकं पाडत होतो, बाबा मागून टॉर्च धरून होते. लहानपणी हे उलट असायचं. टॉर्च नीट धरली नाही म्हणून मी किती बोलणी खाल्ली आहेत, त्याचा हिशेब नाही.

आता पडद्याच्या आकाराबद्दल. 'चोवीस इंच म्हणजे फारच छोटा रे' असं म्हणणाऱ्यांनी एक गणित करून बघावं. आठ फुटांच्या ट्रेलरमध्ये उशीला टेकून बसलं की पडदा चारेक फुटांवर येतो. तिथून तो डोळ्याला जेवढा मोठा दिसतो, जवळजवळ तेवढाच मोबाइल आडवा करून एका फुटावर धरला तर दिसतो! म्हणजे नुसतं 'मोठं दिसावं' म्हणून टीव्ही लावायचा असेल तर खरंच लावू नका, खिशात आहे तो पुरे. मग फरक काय? मोबाइल एका फुटावरून एकालाच दिसतो. तीन माणसं तीन मोबाइल घेऊन बसली की तिघांच्या तीन दिशा. चार फुटांवरच्या पडद्यासाठी मात्र सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करून, खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. इंचांचं गणित करताना मला आधी हे दिसलं नव्हतं, पण टीव्ही लावायचं खरं कारण तेवढंच आहे.

आणि चाकांवरचा पडदा ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. पक्की थिएटरं सगळीकडे उभी राहायच्या आधीच सिनेमा तंबूतून फिरायला लागला. अब्दुलअली युसुफअली नावाचे गृहस्थ १९०८ पासून काही वर्षं तंबू, प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन भारतभर हिंडले. तंबूत एका वेळी हजारेक माणसं बसायची म्हणे. पुढे १९१४ मध्ये त्यांनी मुंबईत अलेक्झांड्रा थिएटर घेतलं आणि स्थिरावले.

महाराष्ट्रात मात्र तंबू फिरतच राहिला. टुरिंग टॉकीज! दसरा-दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की ट्रक निघायचे. ट्रकच्या मागच्या भागातच प्रोजेक्टर बसवलेला, म्हणजे ट्रक हीच ऑपरेटरची खोली. समोर तंबू, तंबूच्या टोकाला पडदा, मध्ये जमिनीवर माणसं. फिल्मचं दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं, त्यामुळे रिळं बदलायला माणूस सतत जागा. २०१६ साली शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले, त्या बदलाचे दिवस त्यात टिपलेत. कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. मधेशिया यांच्या त्याआधीच्या फोटोंना २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला होता. मिळाला तर जरूर बघा. त्या फोटोंत पडदा नाही, पडद्याकडे बघणाऱ्या लोकांचे उजळलेले चेहरे आहेत.

मी हे फोटो लॅपटॉपवर बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "पुसेगावला असाच असायचा."

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबरच्या सुमारास भरते. बाबांची वाडी तिथून चालत दोन तास. 'पांडू हवालदार' १९७५ सालचा, म्हणजे बाबा तेव्हा बारा वर्षांचे. तो त्यांनी पुढच्या एका यात्रेत तंबूत बघितला. आजोबांनी बैल बघायला नेलं होतं, तिकिटाचे पैसे दिले ते चुलत्यांनी. थंडीत एका घोंगडीत चौघं. रीळ बदलताना अंधार झाला की शिट्ट्या. हे सगळं मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

मग काय, आमच्या पहिल्या खेळाला सिनेमा कुठला ते ठरलंच.

टीव्हीचा स्टँड आम्ही मुद्दाम दारापाशी लावलाय. त्याचा हात लांब आहे, त्यामुळे पडदा आत गादीकडेही वळतो आणि दारातून बाहेर अंगणाकडेही. आत वळवला तर दोन माणसं, बाहेर वळवला तर आठ-दहा. त्या रात्री बाहेर वळवला. ताडपत्री अंथरली. मित्र आला, तोंड वाकडं करून का होईना. शेत सांभाळणारे काका-काकू आणि त्यांची दोन मुलं आली. टीव्हीचा स्वतःचा आवाज मागच्या बाजूला जातो, म्हणून छोटा स्पीकर जोडला, तोही वायरनं. ब्लूटूथनं कधीकधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. डिसेंबर असल्यामुळे किडे कमी होते. पावसाळ्यात हा प्रयोग करायचा नाही, एवढी अक्कल आम्हाला आहे.

सिनेमा चालू झाला. मुलं आधी टीव्हीच्या मागे जाऊन वायर कुठे जाते ते बघून आली. दादा कोंडके पडद्यावर आले आणि काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मित्रही हसला, मी बघितलं. आणि बाबा... बाबा आधी बोलायला लागले. म्हणजे 'आता बघ हां, आता काय होतं' असं. घरी टीव्हीसमोर दगडासारखा बसणारा माणूस पुढचा प्रसंग आधीच सांगून टाकत होता आणि मुलं "आजोबा, सांगू नका ना!" म्हणून ओरडत होती.

मध्यंतर आम्हीच केलं, चहासाठी. काका-काकू शेकोटीत लाकडं घालायला उठले. बाबा आणि मी ताडपत्रीवर शेजारी शेजारी, समोर थांबवलेलं चित्र. त्याच्याकडेच बघत बाबा म्हणाले,

"तुझ्या आईला तंबूतला सिनेमा दाखवायचा राहिला. लग्नानंतर एकदा म्हणाली होती. नंतर कल्याणला आलो, थिएटरं होती. राहूनच गेलं."

मीही चित्राकडेच बघत म्हटलं, "तिला आवडला असता?"

"थंडी वाजते म्हणून कुरकुरली असती," बाबा म्हणाले. "पण आवडला असता."

दीड वर्षात आईबद्दल आम्ही एकमेकांशी बोललेली ही पहिली वाक्यं. एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतो तर दोघांपैकी एकजण नक्की उठून पाणी प्यायला गेला असता. मग चहा आला, मुलांनी 'चालू करा, चालू करा' असा धोशा लावला, आणि उरलेला सिनेमा आम्ही बघितला. दहाच्या आत संपवला, कारण शेजारच्या शेतावरची माणसं पहाटे उठतात.

आता मित्राच्या आक्षेपाबद्दल. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पडदा एकदा आला की तो पसरतो, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. म्हणून आम्ही ट्रेलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नियम लिहून चिकटवलेत. सूर्य मावळल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही. एका दिवसात एकच सिनेमा. बातम्या नाहीत, मॅच नाही. हेडफोन लावायचे नाहीत. ऐकायचं तर सगळ्यांनी. आणि एकट्यानं बघायचा नाही. शेवटचा नियम मित्रानं घातला, आणि मला तो सगळ्यात आवडला.

बाबांच्या घरचा बातम्यांचा टीव्ही अजून दिवसभर चालू असतो, काही चमत्कार वगैरे झालेला नाही. नऊचा फोन मात्र कधीकधी दहा मिनिटं चालतो. विषय बहुतेक वायरचा किंवा बॅटरीचा. मधूनच एखादं वाक्य आईचं. परवा म्हणाले, टीव्ही ठीक आहे, पण मागे बसणाऱ्याला छोटा पडतो, एखादा प्रोजेक्टर का नाही बघत? मी सांगितलं, छोटा प्रोजेक्टर शंभर वॉट धरला तर अडीच तासांना अडीचशे वॉट-अवर, परवडतं. शिवाय पूर्ण अंधार लागतो, तो गणेशपुरीला आहेच. खोक्यावर छापलेल्या उजेडाच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवायचा नाही, स्वतः लावून बघायचा. ते म्हणाले, "पडदा विकत आणू नकोस. भिवंडीत मांजरपाट मिळतो, जाड बघून घेतो मी. कडा शिवून घेऊ, वर-खाली बांबू."

तर पुढच्या शनिवारी आम्ही दोघं कापड बघायला भिवंडीला जातोय. आठ बाय साडेचार फूट पुरेल असा माझा हिशेब आहे, बाबा म्हणतात दहा फुटी घे, माणसं वाढतात.